अमेरिकेतलं फेडरल कोर्ट पोटगीचा दावा का घेत नाही?

सुपारी:
मंडळी, जरा कोर्टकचेरीचा प्रश्न आहे. माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. तिचा घटस्फोट तिथल्याच कोर्टात झाला. मुलीसाठी चाइल्ड सपोर्ट आणि तिला स्वतःला पोटगी, असे दोन्ही आकडे कोर्टाने ठरवून दिले. त्यानंतर नवरा नोकरी बदलून टेक्ससला, डॅलसजवळ गेला. काही महिने पैसे नीट आले, मग अर्धे, मग बंदच. आता फोनही उचलत नाही.

मावशी इकडे पुण्यात. तिला कुणीतरी सांगितलंय की नवरा-बायको दोन वेगळ्या राज्यांत असले की केस फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात जाते, ते सरळ वरचं कोर्ट, तिथे झटक्यात निकाल लागतो. बहिणीच्या वकीलबाई म्हणतात, "फेडरल कोर्ट ह्यात पडत नाही." बस्स, एवढंच. का पडत नाही हे विचारायला गेलं की मिनिटांवर बिल लागतं.

तर का पडत नाही? आणि नाहीच पडत, तर दुसऱ्या राज्यात जाऊन बसलेल्या माणसाकडून पैसे काढायचे कसे?

निवांत नाना:
वाचतोय. मावशींना सांगा, कुठल्याही देशात "झटक्यात निकाल" देणारं कोर्ट निघालं की पहिली गाडी पकडून मीच जाणार आहे. आमचा भावकीचा दावा माझ्या मुंजीच्या आधीपासून चालू आहे.

एडिसनकर:
सुपारी, आधी एक गैरसमज काढून टाका. फेडरल कोर्ट हे राज्याच्या कोर्टाच्या "वरचं" नाही. आपल्याकडे तालुका, जिल्हा, हायकोर्ट, दिल्ली अशी एकच शिडी असते. इथे दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. लग्न, घटस्फोट, ताबा, पोटगी हे सगळं राज्याच्या शिडीवर. फेडरल जिल्हा कोर्टात पोटगी मागणं म्हणजे रेल्वेच्या खिडकीवर एसटीचं तिकीट मागण्यासारखं आहे. खिडकी भारी असेल, पण ती गाडी तिथून सुटत नाही.

सुपारी:
@एडिसनकर, हे कळलं. पण मग दोन राज्यांचे लोक असले की फेडरल कोर्टात जाता येतं हे खोटं का? मी स्वतः वाचलंय.

तिरपी रेघ:
खोटं नाही. मी इथे एका मोफत कायदा सल्ला केंद्रात कागदपत्रांचं काम करते, वकील नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून घेऊ नका.

दोन वेगळ्या राज्यांचे नागरिक आणि वाद ७५,००० डॉलरच्या वरचा, असं असलं की दावा फेडरल कोर्टात नेता येतो. कायद्याच्या त्या कलमात "घरगुती वाद सोडून" असं कुठेही लिहिलेलं नाही. हा अपवाद न्यायाधीशांनी घडवलाय, आणि त्याचं मूळ गंमतशीर आहे. १८५९ सालचा बार्बर विरुद्ध बार्बर हा खटला. बायकोला न्यूयॉर्कच्या कोर्टाने विभक्त राहण्याचा हुकूम आणि पोटगी दिली. नवरा पैसे न देता विस्कॉन्सिनला निघून गेला. बाई तिथल्या फेडरल कोर्टात गेली. सुप्रीम कोर्टाने लिहून ठेवलं की घटस्फोट देणं आणि पोटगी ठरवणं ह्याच्याशी अमेरिकेच्या फेडरल कोर्टांचा काही संबंध नाही, ते आम्ही साफ नाकारतो.

आता पुढचं वाचा. त्याच निकालात ती बाई जिंकली! कारण तिने पोटगी ठरवून मागितलीच नव्हती. ती आधीच ठरली होती, थकली होती, आणि ती वसूल करून द्या एवढंच तिचं म्हणणं होतं. म्हणजे ज्या खटल्याचा दाखला देऊन दीडशेहून अधिक वर्षं लोकांना परत पाठवतात, त्या खटल्यातली बाई मात्र पैसे घेऊन गेली.

चकली मोडली:
न्यूयॉर्कच्या जागी जर्सी, विस्कॉन्सिनच्या जागी टेक्सस. बाकी नवरा तोच.

सुपारी:
अगदी! मग बहिणीला का नाही जाता येणार? तिचीही ठरलेलीच आहे की.

तिरपी रेघ:
सांगते. १९९२ साली अँकेनब्रांट विरुद्ध रिचर्ड्स ह्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हद्द आखून दिली. घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा ह्यांचे हुकूम काढणं एवढंच फेडरल कोर्टाला बंद. त्या प्रकरणात एका आईने मुलींवरच्या अत्याचाराबद्दल बापाकडून आणि त्याच्या जोडीदारीणीकडून नुकसानभरपाई मागितली होती. खालच्या कोर्टाने "घरगुती बाब" म्हणून बाहेर काढलं होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा नुकसानभरपाईचा दावा आहे, तो ऐका.

तेव्हा थकबाकीचा पक्का, आता बदलू न शकणारा आकडा असेल, तर तो कर्जासारखा वसूल करायला फेडरल दार तत्त्वतः उघडं आहे. पण आकडा ७५,००० च्या वर हवा. तुमच्या बहिणीची बाकी तेवढी आहे का? आणि तेवढी होईपर्यंत थांबायचं कशाला? राज्याच्या रस्त्याने त्याच्या पगारातून कापून घेणं ह्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

शिवाय नागरिकत्वाची भानगड आहे. दोघंही भारतीय नागरिक असतील, एच-१बी वर असोत की ग्रीन कार्डवर, तर "वेगळ्या राज्यांचे नागरिक" हा मुद्दाच उरत नाही. परदेशी विरुद्ध परदेशी दावा त्या कलमाखाली चालत नाही. आपल्या लोकांच्या बऱ्याच प्रकरणांत विषय इथेच संपतो.

कोकणकडा:
तिरपी रेघ, ह्याला जोडून. नवरा अमेरिकन नागरिक झाला आणि मग कायमचा पुण्यात येऊन राहिला तर?

तिरपी रेघ:
मग तर आणखी मजा. तो अमेरिकन नागरिक आहे पण कुठल्याच राज्याचा रहिवासी नाही, म्हणून ह्या कलमाच्या दृष्टीने तो कुठलाच नाही. परदेशी म्हणूनही धरता येत नाही. १९८९ च्या एका निकालात व्हेनेझुएलात राहणाऱ्या अमेरिकन माणसाबद्दल सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. तो व्यापारी कर्जाचा वाद होता, पण नियम तोच.

निवांत नाना:
त्रिशंकू! आमच्या वेळी तो पुराणात होता, आता बाणेरला फ्लॅट घेऊन राहतो.

मृण्मयी_क:
मला ह्या सगळ्या प्रकाराचा रागच येतो. कंपन्यांचे करारभंग फेडरल कोर्टात, पेटंट फेडरल कोर्टात, आणि बाईच्या पोरांच्या दुधाचे पैसे म्हटले की "घरगुती बाब, तिकडे जा". १८५९ साली बायकोला स्वतःची मालमत्तासुद्धा धड नव्हती. त्या काळातल्या पुरुषांनी जे विषय आपल्या योग्यतेचे मानले नाहीत ते खालच्या टेबलावर सरकवले. आणि आपण त्याला "राज्यांचे अधिकार" म्हणून मान डोलवायची?

एडिसनकर:
@मृण्मयी_क, राग समजतो, पण मला उलटं वाटतं. मी जर्सीच्या फॅमिली पार्टमध्ये (तिथलं कौटुंबिक कोर्ट) बसलोय. तिथे आकडा काढायचा तक्ता आहे, मध्यस्थ आहेत, वसुलीचं काम बघणारा प्रोबेशन विभाग आहे. फेडरल न्यायाधीशापुढे अमली पदार्थांच्या टोळ्या आणि शेअर बाजाराचे घोटाळे. त्याने दर सहा महिन्यांनी तुमच्या मुलीच्या नाचाच्या क्लासची फी बघायची? पोटगी एकदा ठरवून मोकळं होता येत नाही, ती वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. ते यंत्र राज्याकडे आहे.

मृण्मयी_क:
यंत्र राज्याकडे आहे कारण पैसा तिकडे घातला. उद्या फेडरलकडे घाला, तिकडे होईल. आणि गंमत म्हणजे राज्याच्या त्या यंत्रालाही मोठा पैसा फेडरल सरकारच देतं!

तिरपी रेघ:
हे मात्र खरं. १९७५ पासून सामाजिक सुरक्षा कायद्याच्या चौथ्या भागाखाली फेडरल सरकार राज्यांना चाइल्ड सपोर्ट वसुलीसाठी पैसे देतं आणि बदल्यात अटी घालतं. मग राज्याने काम नीट केलं नाही तर आईने फेडरल कोर्टात जावं का? ॲरिझोनातल्या पाच आया गेल्या होत्या. १९९७ साली ब्लेसिंग विरुद्ध फ्रीस्टोन मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, राज्याचं खातं एकूणात कायदा पाळतंय की नाही हे बघणं सरकारचं काम. एकेकट्या आईला सगळं खातं सुधारून मागण्याचा हक्क ह्या कायद्याने दिलेला नाही.

चकली मोडली:
तक्रारपेटी आहे, किल्ली सरकारकडे.

हिशेबनीस:
इथे सगळे आईच्या बाजूने बोलताहेत म्हणून एका बापाचं ऐका. माझी नोकरी गेली तेव्हा मी एच-१बी वर होतो. हातात साठ दिवस. त्यात नवी नोकरी शोधा नाहीतर देश सोडा. सपोर्टचा आकडा मात्र जुन्या पगारावर चालू. माझ्या वकिलाने "नोकरी लागली की बघू" म्हणून वेळ काढला. नंतर कळलं की थकलेला आकडा कोर्टाला मागच्या तारखेपासून कमी करताच येत नाही. १९८६ पासून फेडरल कायद्यानेच राज्यांना ते बंद केलंय. ज्या दिवशी अर्ज दाखल करून समोरच्याला नोटीस जाते त्या दिवसापासून पुढे काय ते कमी होणार.

पुढे नोकरी लागल्यावर पगारातून कापायला सुरुवात झाली. फेडरल मर्यादा ५० ते ६५ टक्के आहे, तुमचं दुसरं कुटुंब आहे का आणि बाकी किती जुनी आहे त्यावर. हातात काय उरलं असेल विचार करा. प्रत्येक न देणारा बाप नालायक नसतो.

सुपारी:
@हिशेबनीस, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण आमच्या जावईबापूंची नोकरी शाबूत आहे. गेल्या महिन्यात नव्या गाडीबरोबरचा फोटो टाकलाय, त्यात मागे घराच्या पायऱ्यांवर फुलांच्या माळा सोडलेल्या. वास्तुशांत होती म्हणे.

निवांत नाना:
वास्तू शांत, बाकी अशांत.

डॅलसची दुपार:
हसले. सुपारी, मी ह्यातून गेलेय, फक्त दिशा उलटी. मी टेक्ससला आणि तो बाहेरच्या राज्यात. काय झालं ते सांगते.

सगळ्या राज्यांनी आंतरराज्य सपोर्टचा एकच कायदा घेतलाय. १९९६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सांगितलं, घ्या नाहीतर पैसे बंद. त्यामुळे तुमच्या बहिणीला टेक्ससमध्ये नवी केस करायची गरज नाही. जर्सीचा हुकूम आहे, ती आणि मुलगी तिथेच राहतात, म्हणजे आकडा बदलायचा हक्क जर्सीकडेच. तो टेक्ससमध्ये जाऊन "मला कमी करून द्या" म्हणू शकत नाही. उलट जर्सीचा पगारकपातीचा हुकूम थेट त्याच्या टेक्ससमधल्या कंपनीच्या पगार विभागाला पाठवता येतो, मध्ये टेक्ससचं कोर्ट लागत नाही. नवी नोकरी धरली की मालकाला त्याचं नाव सरकारी नोंदणीत कळवावं लागतं, तिथून पत्ता लागतो. माझ्या वेळी माझ्या हातात फक्त त्याच्या जुन्या कंपनीचं नाव होतं. नवीन कुठे लागला ते ह्या नोंदणीतूनच कळलं.

तेवढ्याने नाही भागलं तर टेक्ससमध्ये हे काम ॲटर्नी जनरलचं ऑफिस बघतं. फोनवर ताटकळावं लागतं, चहा ठेवून बसा. पोटगी आणि चाइल्ड सपोर्ट दोन्ही असेल तर दोन्ही एकत्रच वसुलीला लावायला सांगा. नुसत्या पोटगीला ही खाती हात लावत नाहीत, मुलाबरोबर असेल तर लावतात.

एडिसनकर:
+१. जर्सीत प्रोबेशनकडे केस नोंदलेली आहे का ते आधी बघा. बरेच लोक घटस्फोटात "आपसात देऊ" म्हणून पैसे थेट घेतात. मग थकल्यावर कुणाकडे काही हिशेबच नसतो.

सुपारी:
तेच झालंय. थेट बँकेत यायचे. आजच तिला कळवते.

अरबी समुद्र:
पण पूर्ण फेडरल काहीच नाही का? न देणाऱ्याला तुरुंगात टाकतात असं ऐकलं होतं.

तिरपी रेघ:
आहे. १९९२ चा कायदा, १९९८ मध्ये कडक केला. मूल दुसऱ्या राज्यात असताना जाणूनबुजून सपोर्ट न देणं हा फेडरल गुन्हा आहे. वर्षभराहून जुनी किंवा ५,००० डॉलरच्या वरची बाकी असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद. दोन वर्षं किंवा १०,००० च्या वर गेलं तर दोन वर्षांपर्यंत. पण तो खटला सरकारी वकील चालवतो, आई नाही. आणि राज्याचे सगळे उपाय थकल्याशिवाय ते सहसा हात घालत नाहीत. दुसरं, बाकी २,५०० डॉलरच्या वर गेली आणि राज्याने कळवलं की अमेरिकन पासपोर्ट मिळत नाही. दिवाळीला पुण्याला यायचं असलं की लोक पैसे भरतात, असं आमच्याकडे दिसतं.

आणि दिवाळखोरी! ती फेडरल कोर्टातच होते, पण तिथे क्रेडिट कार्डाचं कर्ज धुतलं जाईल, पोटगी आणि चाइल्ड सपोर्ट धुतले जात नाहीत.

हिशेबनीस:
फेडरल कोर्ट बापांच्या उपयोगालाही आलंय हे सांगून ठेवतो. विस्कॉन्सिनमध्ये असा कायदा होता की ज्याच्यावर मुलाच्या सपोर्टची जबाबदारी आहे त्याने कोर्टाच्या परवानगीशिवाय लग्न करायचं नाही. एका गरीब तरुणाला ह्यामुळे लग्नाचा परवाना नाकारला. तो फेडरल कोर्टात गेला आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला. झाब्लॉकी विरुद्ध रेडहेल. म्हणजे आकडा कमी करून मागायला नाही, पण राज्याचा नियमच घटनेविरुद्ध असेल तर दार उघडं आहे.

अरबी समुद्र:
अवांतर: ती ॲना निकोल स्मिथची केस ह्याच प्रकारातली ना? ८९ वर्षांच्या तेलसम्राटाशी लग्न केलेली?

तिरपी रेघ:
चुलतभाऊ म्हणा. तो वारसाहक्काचा अपवाद होता. २००६ साली सुप्रीम कोर्टाने तोही असाच आखडता घेतला. ह्यावर वेगळा धागा काढा, इथे आता सगळे तिच्याबद्दलच बोलतील.

निवांत नाना:
काढा काढा. मी नक्की येईन.

कोकणकडा:
आणि तो उद्या भारतात परतला तर? मी पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करते म्हणून सांगते. आंतरराष्ट्रीय चाइल्ड सपोर्टचा २००७ चा हेग करार अमेरिकेत १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, पण भारत त्यात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ साठी अमेरिका परस्पर मान्यतेच्या यादीत नाही, ब्रिटन आहे. त्यामुळे जर्सीचा हुकूम आणून इथे सरळ बजावणीला लावता येत नाही. त्याच्या आधारावर नवा दावा करावा लागतो आणि तो कलम १३ च्या, म्हणजे परदेशी निकाल कधी मानायचा नाही ते सांगणाऱ्या कलमाच्या, चाळणीतून जातो. म्हणून तो टेक्ससमध्ये पगारावर आहे तोवर हात धुवून घ्या.

सुपारी, एक विचारू? बहिणीला ग्रीन कार्ड कशावर मिळालं? त्याच्या नोकरीवर की लग्नावर?

सुपारी:
लग्नावर. तो आधीपासून नागरिक होता, लहानपणीच तिकडे गेलेला. का?

तिरपी रेघ:
अहो, हे आधी सांगायचं! कोकणकडा, बरोबर नेम धरलात.

सुपारी, बहिणीला कार्डावरचा वर्ग बघायला सांगा. आयआर६ किंवा सीआर६ (नागरिकाच्या जोडीदाराचे वर्ग) असेल तर नवऱ्याने आय-८६४ भरलेला असणार. हे आधाराचं प्रतिज्ञापत्र. त्यात तो सरकारला लिहून देतो की हिला गरिबी रेषेच्या १२५ टक्क्यांच्या खाली जाऊ देणार नाही. घटस्फोटाने हे संपत नाही. लग्नाआधीच्या कराराने सोडून दिलं असेल तरी नाही, २०१६ मध्ये पश्चिमेकडच्या नवव्या सर्किटने (फेडरल अपील कोर्टाने) तसं म्हटलंय. आणि हा हक्क फेडरल कायद्यातून येतो, म्हणून इथे फेडरल कोर्ट दावा घेतं. ७५,००० ची अट नाही, वेगळ्या राज्यांची अट नाही.

(कार्डावर ई२७ वगैरे असेल, म्हणजे नोकरीच्या मागून आलेली बायको, तर बहुतेक वेळा हा कागद नसतोच. एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वाल्यांना तर नाहीच.)

सुपारी:
आयआर६ आहे! फोटो पाठवला तिने. ती डेकेअरमध्ये अर्धवेळ काम करते, वर्षाला साधारण ११,००० होतात.

तिरपी रेघ:
२०२५ ची एका माणसाची रेषा १५,६५० डॉलर. तिचे १२५ टक्के म्हणजे १९,५६२. तिची कमाई वजा करा, साडेआठ हजारांच्या आसपास वर्षाची तूट. पोटगी खरंच मिळाली असेल तर कोर्ट तीही मोजायला घेईल. मुलगी ह्यात येत नाही, ती जन्माने नागरिक, तिचा सपोर्ट राज्याच्या हुकुमावरच.

हिशेबनीस:
म्हणजे बायकोने काम न करता बसून राहायचं आणि ह्याने आयुष्यभर भरायचं?

तिरपी रेघ:
काम शोधलं नाही म्हणून रक्कम कापता येत नाही, असा सातव्या सर्किटचा २०१२ चा निकाल आहे खरा. पण आयुष्यभर नाही. ती नागरिक झाली, किंवा तिच्या सामाजिक सुरक्षेच्या खात्यात कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमा झाल्या, किंवा ती कायमची देश सोडून गेली की जबाबदारी संपते. लग्न टिकलं त्या काळातल्या त्याच्या तिमाह्याही तिच्या खात्यात धरल्या जाऊ शकतात, ते वकिलाला आवर्जून विचारा.

निवांत नाना:
म्हणजे नागरिकत्वाची शपथ घेतली की हे गेलं? झेंडा हातात, पैसे गुल?

तिरपी रेघ:
हेच गेलं. जर्सीच्या हुकुमाला धक्का नाही.

सुपारी:
अरे देवा. तिने नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतलाय. मावशीच मागे लागली होती, "एकदाची पक्की हो" म्हणून.

मृण्मयी_क:
भरू दे की. साडेआठ हजारांसाठी कुणी पासपोर्ट लांबवतं का? उद्या आईचं काही झालं तर येता-जाता प्रश्न नकोत.

डॅलसची दुपार:
असहमत. मुलगी लहान आहे, भाडं एडिसनचं आहे. आधी वकिलाशी बोलून मग तारीख ठरवावी. अर्ज काही पळून जात नाही.

सुपारी:
दोन्ही तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, आधी प्रोबेशनची नोंदणी आणि पगारकपात, ते ह्याच आठवड्यात. नागरिकत्वाच्या अर्जाचं नंतर बघू. मावशीला अजून फेडरल कोर्टच हवंय, आता निदान कुठल्या कागदावर हवं ते तरी तिला सांगता येईल. जर्सीत आय-८६४ चे दावे घेणारे वकील कुणाला माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घटस्फोटवाल्या बाईंना हा फॉर्म ठाऊकच नव्हता.

एडिसनकर:
व्यनि केलाय. इमिग्रेशनवाले आणि कौटुंबिकवाले एकमेकांच्या फायली उघडत नाहीत, म्हणून दोन्ही बघणाऱ्याचं नाव दिलंय. पहिल्या भेटीचे पैसे घेतात का ते फोनवरच विचारा. आणि आय-८६४ ची प्रत घरात नसेल तर इमिग्रेशन खात्याकडून तिची फाइल मागवायचा अर्ज आजच टाका, त्याला वेळ लागतो.